तांदळाच्या पिंपातली काडेपेटी

पावसाळ्यात काडेपेटी कुठे ठेवायची हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. ती तांदळाच्या पिंपात जाते. गाव पळसदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला आहे. आषाढात भिंतीला हात टेकला तर हात ओला होतो, बरणीतलं मीठ पाणी सोडतं आणि पापड तळायच्या आधीच मऊ पडतात. पण तांदळात खोल खुपसलेली काडेपेटी सादळत नाही. माझ्या ताईच्या पिंपात काडेपेटीच्या जोडीला आणखीही बरंच काही असायचं. माझं दहावीचं सर्टिफिकेट त्यात दोन पावसाळे होतं. आणि तिच्या मिरगीच्या गोळ्या, पट्ट्यांसकट, रबर लावून, त्यातच असायच्या.

त्या गोळ्या तिथून मी काढायला लावल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना आडपडदा ठेवायला नको.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते आणि बाबा रेल्वेच्या गँगमध्ये दिवसभर रुळांवर असायचे. ताईने शाळा सोडली आणि घर हातात घेतलं. पुढे तिला चौक गावात दिली. दुसऱ्याच महिन्यात सासरी चुलीपुढे तिला फिट आली. त्या लोकांनी तिला, तिच्या ट्रंकेला आणि लग्नातल्या भांड्यांना एकाच टेंपोत घालून परत आणून सोडलं. टेंपोवाल्याने वाटेत तिला पाणी विचारलं, एवढीच काय ती माणुसकी. त्यानंतर ताई कुठे गेली नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, बाबांचं शेवटचं दुखणं काढलं आणि मला शिकवलं. मी कॉलेजला कर्जतला, मग एम.एस्सी.ला बाहेर. प्रत्येक वेळी माझी बॅग तीच भरायची, आणि बॅगेत कुठेतरी भाकरीत गुंडाळलेली चटणी निघायची.

मी मूळची फटकळ. ताईला फिट आली की वाड्यातल्या बायका चप्पल घेऊन धावायच्या आणि तिच्या नाकाशी धरायच्या. अकरावीत असताना मी एकदा शेजारच्या वहिनीच्या हातातली चप्पल हिसकावून अंगणात भिरकावली होती. ही वहिनी म्हणजे ताईची जिवाभावाची मैत्रीण. बिचारी रडायला लागली. मी तिलाही सोडलं नाही. सगळ्या वाड्याला ओळीने उभं करून शिकवलं, की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि चप्पल तर अजिबात नाही. सगळ्यांनी ऐकलं. शिकलेल्या पोरीचं आमच्याकडे ऐकतात.

कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ताईच्या फिट्स थांबल्या. अगदी वर्षानुवर्षं थांबल्या. गोळी रोज एक, पण अर्धी सकाळी, अर्धी रात्री. ताई ती ओट्याच्या कडेवर ठेवायची आणि अंगठ्याने दाबायची. मधल्या रेघेवर टक्कन मोडायची. मला तो आवाज दुसऱ्या खोलीतून कळायचा.

मग एका लग्नात, भर मांडवात, तिला फिट आली. दोन दिवस गोळी घेतलीच नव्हती. पट्टी पिंपात खाली गेली होती, ताई लग्नाच्या गडबडीत, हाताला लागली नाही म्हणून राहिली. मी तिच्यावर इतकी चिडले की डॉक्टरसुद्धा माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी मी तिला सात खणांची प्लास्टिकची डबी आणून दिली. एका दिवसाला एक खण. झाकणांवर इंग्रजी अक्षरं होती, त्यांवर मी कागद चिकटवून सो, मं, बु असं लिहिलं. पट्टीतून गोळ्या काढून एकेका खणात टाकल्या आणि डबी मोरीवरच्या खिडकीत ठेवली. तोंड धुताना समोर दिसावी म्हणून.

ताई म्हणाली, "तितं नको गं. पिंपात ठेवते ना. सादळंल तितं."

"गोळी म्हणजे काय काडेपेटी आहे का सादळायला?" मी म्हटलं. "पिंपात ठेवतेस आणि विसरतेस. डोळ्यांसमोर राहू दे."

"बरं. तू म्हंतीस तर ऱ्हाऊंदे."

हे मी बोलले तेव्हा माझी नोकरी कशाची होती, ते आता सांगते. खालापूरकडे औषधाच्या एका कंपनीत मी संशोधनात आहे, आणि आमच्या गटाचं काम म्हणजे औषधाचे स्फटिक घडवणं. गोळीतलं बरंचसं औषध बारीक स्फटिकांच्या रूपात असतं. रेणू तेच, पण ते एकमेकांशी कसे रचले गेलेत, यावर औषध पोटात विरघळेल की नाही, हवेतलं पाणी ओढेल की नाही, हे ठरतं. एखाद्या औषधाची रचना वाईट असेल तर त्याच्या जोडीला दुसरा एक निरुपद्रवी पदार्थ द्यायचा आणि दोघांचा मिळून एक नवा स्फटिक तयार करायचा. याला सहस्फटिक म्हणतात. यात औषध बदलत नाही, जोडीदारही बदलत नाही. नव्या मुलांना मी सांगते, हे लग्न नव्हे, शेजार आहे. दोघे आपापले राहतात, फक्त एकमेकांना धरून असतात.

आणि आमच्या गटाला मिळालेलं औषध नेमकं ताईचं होतं. मी ते मागून घेतलं होतं. या औषधाची खोड अशी, की दमट हवेत ते पाणी धरतं. पाणी स्फटिकात शिरलं की जुनी रचना मोडते आणि सुयांसारखे लांब, बारीक नवे स्फटिक वाढतात. गोळी दगडासारखी कडक होते. दिसायला तीच, वजनाला जवळजवळ तीच, पण पोटात गेल्यावर पूर्वीसारखी विरघळत नाही, आणि रक्तात पोचायचं औषध पोचत नाही. आम्हाला असा जोडीदार हवा होता, जो पाण्याची जागा आधीच अडवून बसेल.

वीस-पंचवीस पदार्थ करून पाहिले. कागदावर रेणू शेजारी-शेजारी काढायचे, कुणाचा हात कुणाला लागेल ते बघायचं, मग खलात दोन्ही पावडरी घेऊन दोन थेंब अल्कोहोल टाकून घोटायचं. मी हे ताईला एकदा साग्रसंगीत सांगितलं. ती तांदूळ निवडता-निवडता म्हणाली, "म्हंजे येवढं शिकून तू बी वाटायलाच जातीस." मी ते लॅबमध्ये सांगितलं आणि पुढे कितीतरी दिवस आमचे सर सकाळी विचारायचे, "काय मग, आज काय वाटलं?"

शेवटी जमलं ते सॅकरीनशी. बर्फाच्या गोळ्यात आणि स्वस्त सरबतात घालतात तेच. काचेच्या भांड्यावर पातळ फिल्म ताणून तिला सुईने भोकं पाडली होती, द्रावण चार दिवस हळूहळू उडत राहिलं, आणि पाचव्या सकाळी तळाशी चपट्या, स्वच्छ पाकळ्या बसलेल्या होत्या. सुया नव्हत्या. मी ते भांडं उजेडाकडे धरलं आणि मला रडू आलं. ताईसाठी म्हणून केलेलं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात होतं.

त्या कामाने माझे रविवार खाल्ले. आधी मी दर आठवड्याला खोपोलीहून स्कूटीवर गावी जायचे आणि डबी भरायचे. ते जमेना, तेव्हा मी आणखी तीन डब्या आणल्या. चार डब्या, चार रंग. दर चौथ्या रविवारी जायचं आणि चारही भरून खिडकीत ओळीने ठेवायच्या. दहाच्या तीन पट्ट्या न्यायचे, अठ्ठावीस खण भरायचे, दोन गोळ्या पट्टीतच उरायच्या. त्यांचं पुढे काय होतं हे मी कधी विचारलं नाही. एकही फेरी मी चुकवली नाही, याचा मात्र मला फार अभिमान होता. लॅबमध्ये कुणी आईवडिलांकडे जायला वेळ मिळत नाही म्हणालं, की मी माझ्या चार डब्यांचं उदाहरण द्यायचे.

पहिली डबी हिरवी, दुसरी निळी, तिसरी पिवळी, चौथी गुलाबी. म्हणजे गुलाबी डबीतल्या गोळ्या तोंडात जाईपर्यंत निदान तीन आठवडे त्या खिडकीत, मोरीच्या वाफेत, पट्टीबाहेर पडून असायच्या. हिवाळ्यात त्याने काही बिघडलं नाही. उन्हाळ्यातही नाही.

या वर्षी आषाढात आमची मोठी चाचणी संपली. लॅबमध्ये एक कपाट असतं, आत घामट उकाडा आणि दमट हवा कायम ठेवलेली. त्यात एका कप्प्यात आमचा सहस्फटिक, दुसऱ्यात साधं औषध, दोन्ही उघड्या काचेवर, कित्येक आठवडे. बाहेर काढलं तेव्हा आमच्या पाकळ्या जशाच्या तशा होत्या. साध्या औषधाच्या सुया झाल्या होत्या. त्याची गोळी पाण्याच्या भांड्यात फिरत राहिली, फिरत राहिली, आणि तळाला गेली ती तशीच पडून राहिली. अहवाल मी लिहिला. दमट हवेत उघडी ठेवलेली साधी गोळी कडक होते आणि तिचा परिणाम भरवशाचा राहत नाही, हे वाक्य माझं आहे. सरांनी पेढे वाटले.

त्यातले चार पेढे घेऊन मी रविवारी गावी गेले. ताईला सांगितलं, "आता मिरगीची अशी गोळी निघेल की जी सादळणार नाही."

"सादळते व्हय?" ताईने विचारलं.

"दमट हवेत उघडी राहिली तर," मी म्हणाले.

हे म्हणताना मी काय करत होते, ते मला चांगलं आठवतं. ओट्याशी उभी राहून पट्ट्यांमधून गोळ्या काढत होते आणि डब्या भरत होते. हिरवी झाली, निळी झाली, पिवळी झाली. ताईने त्या वेळी खिडकीकडे पाहिलं का, हे मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्याला निदान ठाऊक नसतं. लॅबमधल्या गोळीवर नमुना क्रमांक होता, ती मोजायची, तपासायची वस्तू होती. ताईची गोळी ही ताईची गोळी होती, रोजच्या चहासारखी. तिच्यात पाहण्यासारखं काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याच दिवशी निघताना मला ओट्यावर अडकित्ता दिसला. बाबांचा होता, सुपारीचा.

"तू सुपारी खायला लागलीस की काय?" मी चिडवलं.

"नाय गं, गोळी मोडायला. हल्ली अंगठ्यानं मोडत नाय. लई कडक गोळ्या येत्यात."

"कंपनीने साचा बदलला असेल," मी म्हटलं. "बोट कापून घेऊ नकोस म्हणजे झालं."

दुसरं कुणी मला असं काही सांगितलं असतं, तर मी त्याला वीस प्रश्न विचारले असते.

चार आठवड्यांनी पुन्हा रविवार आला. पाऊस असा, की घाटाच्या पायथ्याशी रस्ता दिसत नव्हता. गावाच्या अलीकडे ओहोळाचं पाणी फरशीच्या बुटक्या पुलावर चढलं होतं. नवरा म्हणाला होता, "एका रविवारने काय होतंय? फोन कर, पुढच्या आठवड्यात जा." मी त्याला म्हटलं, ताईच्या डब्या आज संपतात. फरशीपाशी स्कूटी एका टपरीच्या आडोशाला लावली, गोळ्यांची पिशवी डोक्यावर धरली आणि पाणी उतरेपर्यंत दोन तास तिथेच भिजत उभी राहिले. मग चालत गेले. ताईने मला बघून कपाळावर हात मारला.

"कशाला आलीस गं येवढ्या पावसात? माज्याकडं हायेत."

"काय आहेत?"

"काय नाय. बस, अंग पूस आदी."

तिच्या जिभेच्या कडेला जखम होती, हे मला बोलताना दिसलं. विचारलं तर म्हणाली, भाकर खाताना चावली. फिटमध्ये जीभ चावली जाते, हे मी अख्ख्या वाड्याला शिकवलेलं. पण मला अंधार पडायच्या आत परतायचं होतं. हात टॉवेलला पुसले, चार डब्या भरल्या आणि निघाले. घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, की माणसाने ठरवलं तर सगळं होतं.

त्या डब्या संपायच्या आठवड्यात, गुरुवारी, ताई गेली.

भात पोटरीला आलं होतं. चार दिवस उघडीप होती. रविवारी मी येणार म्हणून ताईने माझी गोधडी धुवायला काढली आणि ती नि वहिनी ओहोळावर गेल्या. पाणी नडगीएवढंही नव्हतं. वहिनीचं आटपलं, ती धुण्याची पाटी घेऊन वर आली. ताई म्हणाली, तू हो पुढं, गोधडी पिळून आलेच. वहिनी पाटी दारात ठेवून परत खाली गेली, तर ताई पालथी होती, तोंड पाण्यात, आणि गोधडी दगडाला अडकून हलत होती.

लॅबमध्ये आम्हाला फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. जेवायच्या सुट्टीत मी लॉकर उघडला तेव्हा वाड्यातल्या प्रत्येक घरातून एकेक फोन येऊन गेला होता. त्यावरूनच मला कळलं.

मी पोचले तेव्हा तिला आंघोळ घालून पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं. वहिनी तिच्या पायांशी बसली होती. माझ्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. खूप वेळाने ती जवळ आली आणि हळू म्हणाली, "मी पुडं आले नस्ते तर व्हती गं ती." मग म्हणाली, "चप्पल हुंगवली मी तिला. तू नको म्हनलीवतीस, तरी हुंगवली. दुसरं काय सुचंना." मी तिला धरलं. दुसरं काही मलाही सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी घरात बसवेना म्हणून मी खिडकीतल्या डब्या उचलून पिशवीत टाकल्या, फेकून द्यायला. हिरवी, निळी, पिवळी रिकाम्या होत्या. गुलाबीत गुरुवारच्या खणात अर्धी गोळी होती, रात्रीची. अडकित्त्याने कापलेली, एका बाजूला थोडी चेपलेली. शुक्रवार, शनिवार, रविवार अख्ख्या. ती अर्धी गोळी मी नखाने दाबली. काही झालं नाही. अंगठ्याने दाबली, दाताखाली धरावीशी वाटली. तिथे ओट्याशी उभ्या-उभ्या मला सगळं कळलं. कळायला एक क्षणही लागला नाही, कारण मला ते केव्हाचं माहीत होतं.

तरी मी कामावर गेले आणि तपासलं. चुरा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सुया होत्या. क्ष-किरणांचा आलेख काढला आणि माझ्याच अहवालातल्या आलेखावर ठेवला. एकेक शिखर बरोबर बसत गेलं. शनिवारची गोळी पाण्याच्या भांड्यात सोडली, ती फिरत राहिली आणि तळाशी जाऊन बसली. मी ते भांडं तासभर बघत बसले होते.

सरांनी माझ्या खांद्यावरून आलेख पाहिला. ते फार भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "फिट गोळी चालू असतानाही येऊ शकते. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तूच मुलांना शिकवतेस." खरं आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मीही हेच म्हटलं असतं. पण दुसऱ्या कुणाच्या नव्हे, मी माझ्या बहिणीच्या गोळ्या पट्टीतून काढून मोरीवर ठेवल्या होत्या. आमच्या त्या पाकळ्या आजही बाटलीबंद होऊन फडताळात आहेत. औषध दुकानात यायला फार वर्षं लागतात, आणि बऱ्याचदा ते येतच नाही. ताईला त्यांची गरजही नव्हती. तिला एक पिंप पुरलं असतं.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातून भंतेजी आले, त्रिशरण झालं, वंदना झाली, वाडा सगळा जमला. माणसं जेवायची होती. वहिनी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होती. ती काडेपेटी घ्यायला पिंपात वाकली, दंडापर्यंत हात खुपसून तिने काडेपेटी काढली, आणि तिच्यामागोमाग एक प्लास्टिकची पिशवी वर आली. रबर लावलेली.

पिशवीत पट्ट्यांचे कात्रीने कापलेले तुकडे होते. एकेका तुकड्यात दोन-दोन गोळ्या. मी ते ओट्यावर मांडले. तेरा तुकडे होते. माझ्या तेरा फेऱ्यांमधल्या उरलेल्या दोन-दोन गोळ्या ताईने टाकल्या नव्हत्या.

"तिनं ठेवल्याल्या," वहिनी म्हणाली. "मला म्हनायची, तिला सांगू नको, वराडंल. कंदी तिला यायला जमलं नाय तर आसूंदेत. म्हैनाभर तरी पुरतील. पर तिनं भरल्याल्या सरल्याबिगर ह्यांना हात लावायचा नाय, आसं व्हतं तिचं."

मी एक तुकडा उचलला, पाठीमागचा कागद फाडला आणि गोळी ओट्याच्या कडेवर ठेवली. अंगठ्याने दाबली. रेघेवर टक्कन मोडली.

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. लॅबचं, सुयांचं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की गोळ्या सादळल्या होत्या, मी सादळवल्या, तुझं पुढं येणं त्यात काही नाही. फिट्स कधीपासून येत होत्या, हेही मग तिने सांगितलं. या पावसाळ्यातच, आणि प्रत्येक वेळी गुलाबी डबी चालू असताना. ताईने शपथ घातली होती, भनीला येवढं काम आसतं, तिला सांगायचं नाय. वहिनीने पदराने तोंड पुसलं. बाहेर कुणीतरी भात झाला का विचारत होतं. ती उठली आणि काडी ओढली. पहिल्या काडीत गॅस पेटला.

तिला मी एवढं सांगितलं, पण आणखी एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहिते. त्या पावसाच्या रविवारी नवऱ्याचं ऐकून मी घरी बसले असते, पाणी बघून फरशीवरून परत फिरले असते, तर ताईने पिंपात हात घातला असता. माज्याकडं हायेत, असं ती म्हणाली होती. त्या दिवशी पिंपात चोवीस गोळ्या होत्या, आठवडा सहज निघाला असता. पुढच्या रविवारी येऊन मी डब्या भरल्या असत्या, तरी त्या गुरुवारी गुलाबी डबी चालू नसती.